प्रतिकारशक्ती कमी नाही, तिचा रोख चुकलाय

पत्र

मॅडम, आम्ही सिडकोत राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. दोन वर्षांपासून सर्दी झाली की छातीत उतरते, पहाटे तीन-चारला खोकून उठतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. डॉक्टरांनी दमा सांगितलाय आणि सकाळ-संध्याकाळ घ्यायला स्टिरॉइडचा पंप दिलाय. रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिल 9 टक्के आणि आयजीई 640 आलंय. सासूबाई म्हणतात, पोराची प्रतिकारशक्ती कमी आहे, पोटात जंत असतील, पंप एकदा लागला की सुटत नाही, त्यापेक्षा कोजागिरीला खिरीतून औषध देतात ते देऊ. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते असं सगळेच सांगतात. मग जो आधीच सारखा आजारी पडतो त्याला तेच का द्यायचं? पंप तीन आठवडे दिला, बरं वाटलं म्हणून बंद केला. मिस्टरांनी मोबाइलवर दम्याच्या नव्या इंजेक्शनांबद्दल वाचलंय, त्यासाठी कर्ज काढायचीही त्यांची तयारी आहे. जानेवारीत निफाडजवळ दिरांच्या मळ्यावर जायचंय, त्याला न्यावं का?

— एक आई, सिडको, नाशिक

उत्तर

ताई,

सारखा आजारी पडणाऱ्या मुलाला प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध का द्यायचं, हा तुमचा प्रश्न फार नेमका आहे. ओपीडीच्या गर्दीत तो विचारायचा राहून जातो, आणि मग घरी येऊन पंप कपाटात जातो. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. बाकीचं बरंचसं त्यातच येईल.

तुमच्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी नाही. तिचा एक विभाग गरजेपेक्षा जास्त काम करतोय, आणि जिथे त्याचं काहीच काम नाही अशा जागी करतोय.

मी नाशिकमध्ये तीस वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसले. रक्ताच्या काचपट्टीवर ओळखायला सगळ्यात सोपी पेशी म्हणजे इओसिनोफिल. लीशमनचा रंग दिला की तिच्या पोटातले दाणे विटकरी-नारिंगी दिसतात, अगदी दाटीवाटीने भरलेले, आणि मधलं केंद्रक दोन भागांचं, चष्म्यासारखं. नव्या मुली कामाला लागल्या की पहिल्याच दिवशी ही पेशी ओळखायला शिकायच्या. तिच्या त्या नारिंगी दाण्यांत जी प्रथिनं असतात ती फार जालीम. ती जंतांसाठी बनलेली आहेत. जंत इतका मोठा असतो की कुठलीही पांढरी पेशी त्याला गिळू शकत नाही. म्हणून इओसिनोफिल त्याच्या अंगाला जाऊन चिकटतात आणि हे दाणे त्याच्या कातडीवर ओततात.

तेव्हा सासूबाई जंतांचं म्हणाल्या ते उगाच नाही. आपल्याकडे इओसिनोफिल वाढलेले दिसले की डॉक्टरही आधी जंतांचाच विचार करतात. शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी गोळी त्याने खरोखर घेतली होती का ते त्याला विचारा. नसेल घेतली तर डॉक्टरांना सांगून देऊन टाका. पण दोन वर्षं प्रत्येक सर्दीमागून येणारी ही शिट्टी त्या एका गोळीने थांबेल अशी आशा ठेवू नका.

रिपोर्टाबद्दल एक सांगते. नुसत्या 9 टक्क्यांवरून फारसं कळत नाही. एकूण पांढऱ्या पेशी किती, त्याच्या 9 टक्के काढायचे. समजा एकूण 9,000 असतील तर इओसिनोफिल झाले 810. साधारण 500 च्या आत असावेत. रिपोर्टात ‘ॲब्सोल्यूट इओसिनोफिल काउंट’ अशी वेगळी ओळ असेल तर तीच बघा. आणि रक्त द्यायच्या आधी त्याला स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा पातळ औषध चालू असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. त्याने रक्तातले इओसिनोफिल काही तासांतच खाली येतात आणि रिपोर्ट फसवा येतो.

आता जंत नसताना ही पेशी छातीत का गोळा होते? दम्याचं सगळं मर्म इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

गादी, उशी, गोधडी, सोफा यांत डोळ्यांना न दिसणारा एक बारीक जीव राहतो, डस्ट माइट. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर तो जगतो. चावत नाही, रोग पसरवत नाही. पण त्याच्या विष्ठेत प्रथिनं कापणारं एक विकर असतं. शरीरात शिरताना काही जंतही अशीच प्रथिनं कापणारी विकरं सोडतात. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात. हे विकर त्यांची पकड सैल करतं, आणि अस्तर धोक्याची रसायनं सोडतं. जणू जंतच आत घुसतोय.

अस्तराच्या खालीच डेन्ड्रायटिक पेशी हात पसरून बसलेल्या असतात. त्या या कणाचा नमुना उचलून जवळच्या लसिका गाठीत नेतात आणि तिथल्या टी-पेशींना, म्हणजे प्रतिकाराचा निर्णय घेणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. याच्याशी कसं वागायचं हे तिथे ठरतं. बहुतेकांच्या शरीरात ठरतं की ही धूळ आहे, दुर्लक्ष करा. असं गप्प बसवणाऱ्या टी-पेशीही वेगळ्या असतात. तुमच्या मुलाच्या शरीरात बहुधा उलट ठरलंय. टीएच-2 जातीच्या टी-पेशी तयार झाल्यात आणि त्या इंटरल्यूकिन नावाचे निरोप धाडतायत. इंटरल्यूकिन-5 चा निरोप हाडाच्या मगजात जातो: इओसिनोफिल बनवा. इंटरल्यूकिन-13 अस्तराला सांगतं: चिकट बेडका जास्त करा. इंटरल्यूकिन-4 आणि 13 मिळून बी-पेशींना आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड (अँटीबॉडी) बनवायला लावतात. तुमच्या रिपोर्टातलं 640 ते हेच.

हे आयजीई श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं आणि कित्येक आठवडे बसून राहतं. पुढच्या वेळी तोच कण आला की मास्ट पेशी काही मिनिटांत फुटल्यासारखी रिकामी होते. हिस्टामिन, ल्यूकोट्राइन बाहेर पडतात, नळीभोवतीचा स्नायू आवळतो, शिट्टी वाजते. अटॅकमध्ये लगेच आराम देणारा निळा पंप घेतला की हा स्नायू सैल पडतो आणि बरं वाटतं. पण तेवढ्याने गोष्ट संपत नाही. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते, इओसिनोफिलची. ते येतात, जंत शोधतात, जंत नसतोच. मग ते जालीम दाणे आपल्याच अस्तरावर रिकामे होतात. अस्तर सोलवटतं, सुजतं, आणि सोलवटलेली नळी साध्या गार वाऱ्यानेही चिडते.

या चार-आठ तासांच्या अंतरामुळे आया फार फसतात. मुलगा संध्याकाळी जुन्या गादीवर उड्या मारतो, रात्री जेवणात केळं किंवा दही खातो, पहाटे खोकत उठतो. दोष केळ्याला जातो. त्यात पहाटेची वेळच वाईट. चारच्या सुमारास प्रत्येकाच्याच श्वासनलिका दिवसापेक्षा थोड्या अरुंद असतात, आणि शरीर स्वतः जे स्टिरॉइड बनवतं त्याची पातळी मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात खाली गेलेली असते. हो, शरीर स्वतःच स्टिरॉइड बनवतं. तुमच्या, माझ्या, सासूबाईंच्या, सगळ्यांच्या.

मग सर्दी छातीत का उतरते? घरात सगळ्यांना तीच सर्दी होते, बाकीचे चार दिवस शिंकून मोकळे होतात, हेच पोर आठवडाभर खोकतं. म्हणूनच तर प्रतिकारशक्ती कमी आहे असं वाटतं, आणि त्यात थोडं तथ्य आहे हे मी नाकारणार नाही. विषाणू आला की पेशी इंटरफेरॉन सोडून त्याला आवरतात. दम्याच्या बऱ्याच रुग्णांत हे इंटरफेरॉन कमी किंवा उशिरा निघतं. त्याचं एक कारण असं, की इंटरफेरॉन बनवणाऱ्या काही पेशींवरही आयजीई चिकटून बसलेलं असतं आणि ते त्यांचा हात धरतं. एका विभागाने इतका धुमाकूळ घातलाय की दुसऱ्याला काम करता येत नाही. अमेरिकेतल्या शहरी मुलांवर यासंबंधी अभ्यास झालेत. तिथे ऐन सर्दीच्या मोसमाआधी आयजीईला अडवणारं औषध दिल्यावर दम्याचे अटॅक कमी झाले. म्हणजे ॲलर्जीचा विभाग शांत केला की विषाणूशी लढणारा विभाग मोकळा होतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे, ताई. पंपातलं स्टिरॉइड नेमका हा धुमाकूळ घालणारा भाग शांत करतं. टी-पेशींचे निरोप कमी होतात, इओसिनोफिलना मगजातून बोलावणं येत नाही, जे आधीच आलेत ते मरतात आणि सफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळतात. अस्तर पुन्हा भरून येतं. असल्या मुलाला बाजारातून ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ बाटल्या आणून देण्यात अर्थ नाही. घरचं हळदीचं दूध त्याला आवडत असेल तर खुशाल द्या. ते दूध म्हणून द्या, दम्याचं औषध म्हणून नको.

आता स्टिरॉइडची भीती. मुलांना साधारण रोज 200 मायक्रोग्रॅमच्या आसपास पंप दिला जातो. म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. अटॅक आल्यावर हॉस्पिटलात गोळीतून दिवसाला 20 मिलिग्रॅम दिलं, तर वजनाने ते शंभरपट झालं. पंपातलं औषध वजनाच्या मानाने जास्त तीव्र असतं हे खरं, त्यामुळे हा हिशेब अगदी काटेकोर नाही. पण ते जिथे हवं तिथेच पडतं. जेवढं गिळलं जातं त्यातलं बहुतेक यकृत निकामी करून टाकतं.

त्रास काहीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची. दात घासायच्या आधी पंप ठेवलात तर ते आपोआपच होतं. उंचीवरही थोडा परिणाम होतो. अमेरिकेत वर्षानुवर्षं ब्युडेसोनाइड हे पंपातलं स्टिरॉइड घेतलेल्या मुलांची मोठेपणी मोजलेली उंची सरासरी 1.2 सेंटीमीटरने कमी भरली, हे 2012 साली प्रसिद्ध झालंय. सव्वा सेंटीमीटर. रोज पहाटे उठून बसणाऱ्या, वर्षातून चार वेळा स्टिरॉइडच्या गोळ्या खाव्या लागणाऱ्या मुलाचं होणारं नुकसान मी याच्या शेजारी ठेवून बघते, आणि मला शंका राहत नाही.

माझे वडील दमेकरी होते. आमचं गाव सिन्नर तालुक्यातलं. गोधड्यांची चळत समोर घेऊन, तिच्यावर हात टेकून ते रात्र रात्र बसून काढायचे. ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्यांनी पंप घेतला नाही. दुकानातून आणलेल्या गोळ्या घेतल्या, लगेच बरं वाटायचं. त्या गोळ्याही स्टिरॉइडच्याच होत्या, हे मी शिकायला लागल्यावर मला कळलं. तोवर चेहरा सुजला होता, हाडं ठिसूळ झाली होती. ज्याला घाबरून त्यांनी पंप टाळला तेच ते कित्येक पटीने खात होते. म्हणून तुमचं पत्र वाचून मी हे इतकं लांबलचक लिहितेय.

तीन आठवड्यांनी बरं वाटलं म्हणून पंप बंद केलात, त्यात तुमची चूक काढावी असं मला वाटत नाही. ताप उतरला की क्रोसिन बंद करतो, तसंच. पण तीन आठवड्यांत इओसिनोफिल ओसरले, तो चुकीचा निर्णय लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी जागच्या जागी आहेत. त्यांची स्मृती वर्षानुवर्षं टिकते. औषध थांबलं की त्या पुन्हा निरोप धाडतात आणि काही आठवड्यांत त्रास पुन्हा पहिल्यासारखा सुरू होतो. मग लोक म्हणतात, पंपाची सवय लागली. सवय नाही लागत, आजार चालूच असतो. दोन-तीन महिने काहीही त्रास नसला की डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करत आणतात. याच आठवड्यात त्यांना भेटा, बंद केल्याचं न लपवता सांगा, आणि पंप परत सुरू करा. निळ्या पंपाने लगेच मोकळं वाटतं म्हणून नुसत्या त्याच्यावर भागवू नका. तो स्नायू सैल करतो, इओसिनोफिलना हातही लावत नाही.

पंप घ्यायची पद्धतही डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा. नऊ वर्षांच्या मुलाला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, हवाच. पंप हलवायचा, पूर्ण श्वास सोडायचा, स्पेसर ओठांत घट्ट धरायचा, एकदा दाबायचं, सावकाश आत ओढायचं, दहापर्यंत मोजत धरून ठेवायचं. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून. घाईघाईत ओढलेलं औषध घशाच्या मागे आपटतं आणि तिथेच राहतं.

मिस्टरांना सांगा, कर्ज काढू नका. ती इंजेक्शनं खरी आहेत आणि ज्यांना लागू पडतात त्यांचं आयुष्य बदलतं. ओमालिझुमॅब आयजीईला धरतं, मेपोलिझुमॅब इंटरल्यूकिन-5 ला. मेपोलिझुमॅबची गोष्ट मला फार शिकवून गेली. सुरुवातीच्या अभ्यासांत ते फसलं होतं. रक्तातले इओसिनोफिल उतरले, दमा होता तसाच राहिला, आणि इओसिनोफिलचा दम्याशी संबंध नसावा असंही काही जण म्हणू लागले. मग 2009 मध्ये दोन अभ्यासांत फक्त असे रुग्ण घेतले, ज्यांच्या बेडक्यात औषधं चालू असूनही इओसिनोफिल भरलेले होते आणि ज्यांना वारंवार अटॅक येत होते. त्यांचे अटॅक कमी झाले. औषध तेच होतं, आधी ते कोणालाही दिलं जात होतं. दमा सगळ्यांचा सारखा नसतो. काहींच्या बेडक्यात इओसिनोफिल नसतात, न्यूट्रोफिल या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी असतात, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर बऱ्याचदा, आणि त्यांना स्टिरॉइडही नीट लागू पडत नाही. तुमच्या मुलाच्या रिपोर्टातला 9 आकडा त्या अर्थाने चांगला आहे. साध्या पंपाला दाद देणारा हा दमा आहे, तीन आठवड्यांत बरं वाटलं हाच त्याचा पुरावा. इंजेक्शनं असतात पंप नीट, रोज, महिनोन्महिने घेऊनही अटॅक येत राहतात त्यांच्यासाठी.

कोजागिरीच्या खिरीचं. सासूबाईंशी यावरून वाद घालू नका, नातवाच्या काळजीपोटीच त्या म्हणतायत. खीर प्रसाद म्हणून घरी करा. पण ऑक्टोबरच्या गारठ्यात मुलाला रात्रभर उघड्यावर जागवायचं आणि वर कोणती वनस्पती किती घातलीय हे माहीत नसलेलं औषध द्यायचं, हे मला पटत नाही. दम्यावरच्या ज्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा फरक पडतो, तिच्यात न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं निघाल्याची उदाहरणं आहेत. मग आपण पंप सोडून माझ्या वडिलांच्याच वाटेला लागतो.

घरात करण्यासारखं थोडंच आहे. त्याची गादी-उशी आठवड्याला गच्चीत कडक उन्हात टाका, चादर-अभ्रे हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्यात धुवा, माइट साधारण 55 अंशांच्या वर मरतात. डासांची कॉइल आणि धूप त्याच्या खोलीत नको. तो धूर ॲलर्जी नाही, फोडणीत मिरची जळल्यावर सगळेच खोकतात तसला प्रकार आहे, पण सोलवटलेल्या नळीला तोही सोसत नाही. एवढं सगळं करूनही पंप लागणारच, हे मनाशी धरून करा.

आणि निफाडला न्या त्याला, नक्की न्या. चुलतभावंडांबरोबर मळ्यात हुंदडण्याचं हेच वय. फक्त दिरांना आधी फोन करून विचारा, द्राक्षांवर भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधकाची धुरळणी कधी करणार आहेत. गंधकाच्या भुकटीने श्वासनलिका चिडते. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतांजवळ राहणाऱ्या मुलांत गंधकाचा वापर आणि श्वासाचा त्रास यांचा संबंध 2017 साली दाखवला गेलाय. धुरळणीच्या आणि फवारणीच्या दिवशी त्याला घरातच ठेवा, नाहीतर त्या दिवशी नाशिकलाच थांबा. जानेवारीतल्या निफाडच्या पहाटे फार गार असतात, तेव्हा ऊन वर आल्याशिवाय बाहेर पळायला सोडू नका, नाकातोंडावर मफलर असू द्या. घरातली जुनी गोधडी त्याला पांघरायला देऊ नका, इथून धुतलेली चादर आणि ब्लँकेट न्या.

पिशवीत दोन्ही पंप, स्पेसर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद हवा. अटॅकमध्ये निळा पंप किती आणि किती वेळाने द्यायचा, हे त्या कागदावर लिहून घ्या. बोलताना एक वाक्य पुरं होत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा निळ्या पंपाचा आराम चार तासही टिकत नसेल, तर मळ्यावर वाट बघत बसू नका. निळा पंप देत देत 108 ला फोन करा किंवा गाडी काढा. मळ्यावरून जवळचं मोठं हॉस्पिटल कोणतं आणि रात्री ते उघडं असतं का, हे दिरांना त्याच फोनवर विचारून ठेवा.